रोख भरणा, नाव नाही

दिवाळं निघालेल्या माणसाला बँकेच्या दारात पाय ठेवताना काय वाटतं ते बाकीच्यांना सांगून कळायचं नाही. शेठला तर दारावरचा पहारेकरीसुद्धा आपल्याकडे बघून गालातल्या गालात हसतोय असं वाटायचं. शेठ म्हणजे आता नुसता नावाचाच. एके काळी त्याचा सोफ्यांचा कारखाना होता, हाताखाली सात कारागीर होते, तेव्हा पडलेलं हे नाव. पुढे कारखाना गेला, यंत्रं लिलावात गेली, कापडाचे तागे मातीमोल किमतीला गेले. नाव तेवढं मागे राहिलं, कारण लिलावात त्याला कुणी गिऱ्हाईक मिळालं नाही.

आता तो दुसऱ्याच्या कारखान्यात खुर्च्यांना कापड चढवायचा. मालक वयाने त्याच्या निम्मा. माणूस वाईट नव्हता, पण एका गोष्टीवर अडून बसला. "पगार खात्यातच जमा होईल. रोख एक पैसा मिळणार नाही. महिनाअखेरीपर्यंत खात्याचा नंबर आणा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

म्हणजे खातं नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर भाड्याच्या दोन खोल्याही नाहीत. शेठ तीन बँकांत जाऊन आला. पहिलीने फॉर्म वाचला आणि कळवतो म्हणाली. दुसरीने फॉर्मसुद्धा दिला नाही. तिसरीतला पोरगेला अधिकारी फार गोड बोलला, चहा विचारला, आणि नाही म्हणाला. चहा विचारला म्हणजे यात काहीतरी पाणी मुरतंय, हे शेठने तेव्हाच ओळखलं होतं.

चौथ्या बँकेत काउंटरवर एक बाई होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी कोर्टाचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "साधं खातं मिळेल. चेकबुक नाही, उसनवारी नाही. असतील तेवढेच पैसे निघतील. घरभाडं आणि वीजबिल आपोआप कापून जाईल. पण एक लक्षात ठेवा. सहा महिने खात्यावर नजर राहील. पैसे नाहीत म्हणून एक जरी कपात परत गेली, तरी खातं बंद. त्या दिवशी सकाळी आम्ही फोन करतो, दुपारी दोनपर्यंत भरणा करता येतो. फोन नंबर सांगा."

शेठचा फोन कारखान्याबरोबरच गेलेला. त्याने बायकोचा नंबर दिला आणि बाहेर आला. बाहेर आल्यावर आनंद व्हायचा सोडून त्याच्या मनात पाल चुकचुकली. तिघांनी हाकललं, मग ही बाई एवढ्या सहज कशी काय तयार झाली?

"अहो, चांगली असेल," बायको म्हणाली.

"बँकेत चांगलं कुणी नसतं," शेठ म्हणाला.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा! ज्या शुक्रवारी जुन्या बँकेने कारखान्याचं खातं गोठवलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सात कारागिरांचा पगार होता. पैसे खात्यात होते, डोळ्यांना दिसत होते, पण हाताला लागत नव्हते. शेठ सातही जणांसमोर रिकाम्या हातांनी उभा राहिला. त्यातला एक नुसता त्याच्या बुटांकडे बघत राहिला होता. त्या दिवसापासून बँकेत ठेवलेला पैसा आपला, यावर शेठचा काडीचा विश्वास उरला नाही.

म्हणून पगार झाला की त्याच संध्याकाळी तो जाऊन सगळे पैसे काढून आणायचा. मागे ठेवायचा ते फक्त भाडं आणि विजेचे. तेही मोजून. महिन्याच्या एक तारखेला टॉर्च घेऊन जिन्याखालचा मीटर स्वतः वाचायचा, दराने गुणायचा आणि येईल तेवढाच आकडा खात्यात ठेवायचा. कारखान्यातही त्याची हीच ख्याती होती. शेठने ताग्याला कात्री लावली की खाली चिंधी पडत नाही, असं लोक म्हणायचे. त्या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता. आता कापायला तागा नव्हता, तर गडी खातं कापत होता.

पहिल्या महिन्याची पाच तारीख गेली आणि शेठने बँकेतल्या यंत्रातून खात्याची चिठ्ठी काढली. भाडं गेलं होतं. विजेचं बिलही गेलं होतं, पण त्याच्या हिशेबापेक्षा बारा जास्त. आणि त्याच दिवशी, विजेच्या बरोबर वर, एक ओळ होती: रोख भरणा, दीडशे. भरणाऱ्याचं नाव नाही.

आता तुम्ही-आम्ही असतो तर म्हणालो असतो, बरं झालं बाबा, बारा कमी पडत होते, देवासारखं कुणीतरी धावून आलं. शेठने नेमकं उलटं वाचलं. ज्या दिवशी विजेचं बिल कापलं जाणार, त्याच दिवशी भरणा? म्हणजे आपल्या खात्यात कधी काय होतं हे कुणाला तरी ठाऊक आहे. कुणीतरी पाळतीवर आहे!

आणि पाळतीवर कोण असणार, हे त्याला शोधायला लागलं नाही. साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कारखान्यात त्याची भागी होती, आणि कारखाना बुडायच्या बरोबर एक महिना आधी तो आपला हिस्सा काढून बाजूला झाला. आता त्याचं पडद्यांचं दुकान झोकात चाललेलं. त्यानेच बँकेच्या कानाला लागून खातं गोठवायला लावलं, असं शेठ छातीठोक सांगायचा. पुरावा? पुरावा कशाला हवा, हिस्सा काढला ना त्याने!

"पण ते तुमच्या खात्यात पैसे कशाला भरतील?" बायकोने विचारलं. ती भांडी पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"अगं, अडकवायला! कोर्टाने नेमलेल्या दिवाळखोरीच्या साहेबाला मी लिहून दिलंय की पगाराशिवाय मला दमडी मिळत नाही. आता त्याने खातं उघडून बघितलं तर काय दिसेल? शेठने कुठेतरी पैसा दडवलाय आणि थोडा थोडा बाहेर काढतोय! झालं मग, आणखी तीन वर्षं दिवाळखोर म्हणून हिंडा."

"मग राहू दे ते पैसे तिथेच. हात लावू नका. खात्यात थोडे जास्त असलेले बरेच की."

"राहू दे? कुणाचे कोण, राहू दे?"

बायको गप्प बसली. हे गप्प बसणंही शेठने मनात नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या महिन्यात दोनदा भरणा झाला, शंभर आणि दोनशे. तिसऱ्या महिन्यात पुन्हा दोनदा, दोनशे आणि तीनशे. शेठने त्या पैशाला स्पर्श केला नाही. वहीत वेगळं पान करून त्यावर 'परके' असं लिहिलं आणि बेरीज मांडत गेला. नऊशे पन्नास. तारखा जुळवून बघितल्या, तर सगळे भरणे मंगळवारचे! त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. बायको शेजारी शांत झोपली होती. एवढी शांत कशी झोपते ही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

काउंटरवरच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "नाव सांगता येत नाही. पण खाते क्रमांक माहीत असलेलंच कुणीतरी असणार ना? घरी विचारून बघा."

घरी विचारा म्हणे! शेठ तणतणतच बाहेर पडला. ही बाई पण त्यातलीच, असा त्याने निकाल लावून टाकला.

पुढच्या मंगळवारी त्याने अर्ध्या दिवसाचा पगार बुडवला आणि बँकेत जाऊन ठाण मांडलं. कोपऱ्यातल्या टेबलाशी उभा राहून तो भरण्याच्या चिठ्ठ्या लिहायचं सोंग करत होता. एक लिहायची, फाडायची, दुसरी लिहायची. पहारेकऱ्याने दोनदा येऊन विचारलं, काका, काही मदत हवीय का? शेठने त्याच्याकडे असं बघितलं की तो तिसऱ्यांदा फिरकला नाही. बारा वाजले. साडेबारा वाजले. साडू कसा दिसेल, त्याची कॉलर कशी पकडायची, चारचौघांत काय काय सुनवायचं, सगळं मनात घोळवून झालं.

पावणेएकला दार ढकलून त्याची बायको आत आली.

शेठ चटकन खांबाआड झाला. ती रांगेत उभी राहिली. हातात त्याने कधी न बघितलेली एक कापडी पिशवी होती. काउंटरवरच्या बाई तिला बघून ओळखीचं हसल्या. तिने पिशवीतून पाकीट काढलं, नोटा मोजल्या, पावती घेतली आणि आली तशी निघून गेली. ही? घरात राहून, माझं मीठ खाऊन?

आता इथे एखाद्याने हाक मारली असती. 'अगं, तू इथे कशी?' एवढं विचारलं असतं तरी सगळं निस्तरलं असतं. पण संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की माणसाची जीभ आधी उचलून नेतं. शेठ तिच्या मागे मागे निघाला. दोन गल्ल्या, एक पूल, पुन्हा एक गल्ली. ती थेट साडूच्या दुकानात शिरली, आणि तीही मागच्या दाराने, रोजची सवय असल्यासारखी. काचेतून शेठला दिसलं की तिची बहीण पुढे आली, काहीतरी बोलली, आणि बायको खळखळून हसली. घरी ती अशी शेवटची कधी हसली होती, हे शेठला काही केल्या आठवेना. त्याला फार एकटं वाटलं. आतून शिलाई मशीनची घरघर सुरू झाली. पंचवीस वर्षं त्या आवाजात काढलेल्या माणसाला तो ऐकू आला नाही, असं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण नाही आला, हे खरं.

तो तसाच बँकेत परत गेला.

"माझ्या खात्यात माझ्याशिवाय कुणी पैसे भरू नयेत असं काही करता येतं का?"

"येतं," बाई म्हणाल्या. "लेखी द्यावं लागेल. पण मी काय म्हणते, आधी जरा ही नोंद बघा. त्या दिवशी जर हा भरणा झाला नसता तर..." त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवायला सुरुवात केली. मागे रांगेत चार माणसं होती. त्यांचे कान टवकारलेले आहेत असं शेठला वाटलं.

"हळू बोला," तो दबक्या आवाजात खेकसला. "सगळ्या गावाला सांगताय का माझं? कुठे सही करायची तेवढं दाखवा."

बाईंनी चष्मा काढला आणि कागद पुढे सरकवला. तिथून शेठ दिवाळखोरीच्या कचेरीत गेला. 'परके' पानावरचे नऊशे पन्नास आणि त्या दिवशीचे दीडशे मिळून अकराशे, सगळे साहेबाच्या नावे करून टाकले. सोबत अर्ज: हा पैसा माझा नाही, कुणी दिला मला माहीत नाही. यातलं दुसरं वाक्य खोटं होतं. साहेबाने पैसे घेणेकऱ्यांच्या खाती जमा केले आणि शेठच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. शेठ ताठ मानेने घरी आला.

घरी मात्र त्याने ताकास तूर लागू दिली नाही. पंधरा दिवस नुसता बघत राहिला. बायको कुठे ठेवते पिशवी, फोनवर कुणाशी बोलते, बोलताना दार लोटते का. तिने विचारलं, "अहो, बरं नाही का तुम्हाला?" तर म्हणाला, "मला काय धाड भरलीय!" मधल्या काळात त्याने कुणाचा तरी जुना फोन स्वस्तात घेतला होता. त्याचा नंबर बायकोला दिला, बँकेला नाही. त्या बाईला कशाला द्यायचा?

महिना थंडीचा होता. एक तारखेला त्याने मीटर वाचला, गुणाकार केला, मागच्या अनुभवाने वर बारा ठेवले. बारा म्हणजे बारा, तेरा नाही.

पाच तारखेला सकाळी साडेअकराला कारखान्यात त्याचा फोन वाजला. बायको. शेठ एका खुर्चीच्या पाठीवर कापड ताणून खिळे मारत होता. तोंडात खिळे, हातात हातोडी. त्याने फोनकडे बघितलं आणि उलटा करून ठेवला. आठवण झाली वाटतं नवऱ्याची! पुन्हा वाजला. पुन्हा. मग अनोळखी नंबरावरून वाजला. तोच तो दुकानाचा नंबर असणार, शेठने ताडलं, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आता साडू बोलणार का माझ्याशी? त्याने फोन खुर्चीच्या पोकळीत टाकला, कापसाखाली. तिथेही तो गुरगुरत राहिला. शेजारचा कारागीर म्हणाला, "शेठ, घ्या की. कुणाचं काही बरंवाईट असेल."

"माझं व्हायचं ते होऊन गेलंय," शेठ म्हणाला आणि पुढचा खिळा ठोकला.

दोन वाजून गेल्यावर फोन वाजायचा थांबला.

संध्याकाळी तो घरी आला तर बायको जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसलेली. पिशवी मांडीवर. चेहरा असा, की शेठने मनात रचून ठेवलेलं सगळं भाषण त्याला आठवेना.

"एकोणीस," ती म्हणाली.

"काय एकोणीस?"

"एकोणीस कमी पडले विजेला. बँकेतून मला फोन आला. मी हातातलं काम टाकून धावत गेले. दोनशे घेऊन उभी होते काउंटरसमोर. तर त्या म्हणाल्या, तुमच्याकडून घेता येत नाहीत, खातेदाराने लिहून दिलंय. मग तुम्हाला फोन लावला. चौदा वेळा लावला. ताईच्या यजमानांनी लावला. ते गाडी घेऊन तुमच्या कारखान्याकडे निघालेही होते. पोचले तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती."

शेठ उभाच होता. "म्हणजे... खातं?"

"बंद."

"पण तू त्या साडूच्या दुकानात..."

"पडदे शिवते मी तिथे. चार महिने झाले. दुपारी एक ते पाच. दर सोमवारी ते माझे पैसे माझ्या खात्यात टाकतात, मी त्यातले थोडे काढून तुमच्या खात्यात भरत होते." तिचा आवाज चढला. "पहिल्या महिन्यात बारा कमी पडले तेव्हाच फोन आला होता. तेव्हाच कळलं की तुम्ही मागे काही म्हणून सोडत नाही. शिवताना आत दोन बोटं कापड सोडतो की नाही आपण? नाहीतर पहिल्याच ताणाला शिवण उसवते. एवढे मोठे कारागीर तुम्ही, आणि खात्यात दोन बोटं सोडवत नाहीत तुम्हाला!"

"मग सांगायचंस मला."

"काय सांगायचं? सांगितलं असतं तर पहिलं काय विचारलं असतंत? पैसे कुठून आले. मग दुकानाचं नाव निघालं असतं, आणि तुम्ही मला एक दिवस तिथे जाऊ दिलं नसतंत. त्यांनी तुमच्याशी काय केलं मला माहीत नाही. माझ्या कामाचे पैसे वेळच्या वेळी देतात, एवढं मला माहीत आहे." ती थांबली. "खात्यात ते पैसे तरी असतील, असं वाटलं होतं मला. अकराशे भरले होते मी. ते कुठे गेले हो?"

बुटांची लेस सुटली नव्हती, तरी शेठ वाकून बांधायला लागला. शेवटी खालीच बघत म्हणाला, "साहेबाला दिले."

"कुठल्या साहेबाला?"

"दिवाळखोरीच्या. परके म्हणून."

ती रडली, पण थोडंसंच. तिचे डोळे मशीनवर बसून आधीच लाल झालेले होते. शेठला स्वतःच्या दोन मुस्कटात माराव्यात असं वाटलं. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. ती सरकली नाही, पण त्याच्याकडे वळलीही नाही.

आता प्रश्न नोकरीचा होता. बँक सहा महिने त्याला दारात उभी करणार नव्हती, आणि पुढच्या पगाराला खातं तर हवंच होतं. शेठने मालकाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मालक म्हणाला, "रोख नाही म्हणजे नाही. पण बायकोच्या खात्यात टाकू शकतो. दोघांची सही आणा आणि तुमच्या त्या साहेबाची परवानगी." साहेबाने परवानगी दिली, पण बायकोच्या खात्यात येणाऱ्या प्रत्येक पगाराचा कागद आपल्याला दाखवायचा या अटीवर. अकराशे परत मिळतील का, असं शेठने तिथे विचारून बघितलं. ते घेणेकऱ्यांना वाटून झाले होते. मागे ज्या साहेबाने कौतुक केलं होतं, त्यानेच हे फार सभ्यपणे सांगितलं.

मंगळवारी दोघं बरोबर बँकेत गेली. बाईंनी दोघांना बसायला सांगितलं. शेठ खुर्चीच्या कडेवर बसला. बायकोच्या साध्या खात्यात आता त्याचा पगार येणार होता, म्हणून एक फॉर्म भरायचा होता. बाईंनी एक एक रकाना वाचून दाखवला. नाव, पत्ता, नातं.

"आता यांना खात्यावर अधिकार काय द्यायचा?" बाईंनी बायकोला विचारलं. "पैसे काढायचा, की नुसता बघायचा?"

शेठने खिशातून पेन काढून ठेवलं होतं. विचारायचं काय त्यात, पगार तर आपलाच, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. बायको फॉर्मकडे बघत राहिली. मागच्या रांगेतला कुणीतरी खोकला.

"नुसता बघायचा," ती म्हणाली.

"काढायचा नको?"

"नको. बघू दे त्यांना. हवं तर रोज येऊन बघू दे. बघितल्याशिवाय झोप लागत नाही त्यांना."

शेठचं तोंड उघडलं. काय बोलणार होता कुणास ठाऊक, पण बायकोने एकदाच त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने तोंड मिटून घेतलं. बाईंनी खूण केली तिथे त्याने सही केली.

"आणि काही कमी पडलं तर सकाळी फोन करायला नंबर?" बाईंनी विचारलं. "आता यांच्याकडेही फोन आहे ना?"

"माझाच ठेवा," बायको म्हणाली. "हे फोन उचलत नाहीत."